खड्ड्यात न गेलेली वांगी

मी कृषी पदवीधर असल्यामुळं मला वांग्याविषयी फारशी माहिती नव्हती. बहुधा म्हणूनच बियाण्याच्या कंपनीनं मला वांग्याच्या चाचणीवर नेमलं.

कापसाचं बीटी बियाणं तेव्हा नुकतंच दुकानांत आलं होतं. त्याच्या पिशवीसाठी परतूरला लोक दुकान उघडायच्या आधी येऊन उभे राहायचे. कापसाचं जमलं, आता भाजीचं जमवायचं, असं कंपनीच्या मनात आलं. मातीतल्या एका जिवाणूचा एक गुण वांग्याच्या बियाण्यात घातलेला होता. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ते झाड कुरतडायला लागली की तिचं पोट बिघडायचं आणि ती मरायची. फवारणीचा खर्च वाचणार, असं आम्ही सांगायचो. कल्पना वेडगळ नव्हती, हे मी आजही म्हणतो. आमच्या भागात विकायच्या वांग्यावर इतकं औषध मारतात की मारणारा स्वतःच्या घरासाठी बांधावर दोन झाडं वेगळी ठेवतो. गिऱ्हाइकाबद्दल यापेक्षा जास्त प्रेम मी कुठं पाहिलेलं नाही.

चाचणीचा प्लॉट वाटूरपासून थोडा आत, एका गावात होता. जमीन भाड्यानं घेतलेली. जमिनीच्या मालकाला आम्ही सगळे काका म्हणायचो. प्लॉटाला तारेचं कुंपण, एकच फाटक, फाटकाला कुलूप. नियम असा की या वांग्याला सरकारची परवानगी मिळेपर्यंत ते कोणी खायचं नाही. त्यामुळं प्लॉटातलं एकही वांगं बाहेर जाता कामा नये. तोडा, मोजा, चिरा, आत अळी आहे का बघा, आणि मग खड्ड्यात टाकून वर चुना आणि माती ओढा. अशी ताजी, जांभळी, चकचकीत वांगी रोज खड्ड्यात जाताना बघून तोडणीच्या बायकांचा जीव खालीवर व्हायचा. एक म्हातारी तर मला म्हणालीच, "साहेब, आन्नाला मूठमाती देऊन राह्यले तुम्ही. कुठं फेडसान?"

मी तिला संशोधन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही.

फाटकावर राखणदार होता. गावातलाच, बौद्ध वस्तीतला, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा. बारीक अंगाचा, बोलायला मोठा मिस्कील, पण फाटकाशी उभा राहिला की त्याला आई-बाप कळायचे नाहीत. सरपंचाची शेळी आत शिरली तर तिला कान धरून बाहेर काढली आणि सरपंचाला निरोप धाडला की शेळीनं काही खाल्लं असेल तर दोन दिवस दूध पिऊ नका. मीच त्याला सांगितलं होतं की बायका घरी जाताना त्यांच्या ओट्या झाडून घ्यायच्या. हे सांगणं सोपं होतं, कारण झाडून घ्यायला मी तिथं नसायचो. तो अंगाला हात न लावता, चार हात लांब उभा राहून म्हणायचा, "ताई, वटी झटका. म्या वर बघतो. पडल्याचा आवाज आला तरच खाली बघीन." बायका हसायच्या, पण घरी जाऊन शिव्या द्यायच्या. त्याच्यासमोर ओटी झटकायची म्हणजे काय, हे त्या गावात वेगळं सांगायला नको.

त्याला हे कळत नव्हतं असं नाही. पण मोठ्या साहेबांनी, म्हणजे माझ्या वरच्यांनी, त्याला शब्द दिला होता. चाचणी नीट पार पडली की पुढच्या हंगामापासून त्याला जालन्याजवळच्या कंपनीच्या फार्मवर पर्मनंट घेणार, राहायला खोली देणार. त्याची मुलगी सातवीत होती, हुशार होती. तिला जालन्याच्या शाळेत घालायचं म्हणून त्यानं आधीच गावच्या शाळेतून तिचा दाखला काढून ठेवला होता. "साहेब, दाखला काढल्यावर पोरगी मधल्या मधीच हाय," तो मला म्हणायचा. "इकडची न्हाई, तिकडची न्हाई. जल्दी करा म्हणावं मोठ्या साहेबाला." मी म्हणायचो, झालंच समजा. मला त्या काळात सगळंच झालंच समजायची सवय होती.

पावसाळाभर आमचं एकही वांगं चोरीला गेलं नाही. मोठ्या साहेबांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली आणि वर कळवलं की कुंपणाची रचना अत्यंत परिणामकारक आहे. खरं कारण वेगळं होतं. आमच्याकडं चातुर्मासात वांगं खात नाहीत. खंडोबाच्या घरांत तर मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत वांगं चुलीवर चढत नाही. तिला आम्ही नुसतं सट म्हणतो. त्या दिवशी वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा असा देवाला निवद दाखवायचा, तळी उचलायची, आणि मग वांगं मोकळं. म्हणजे चार महिने त्या प्लॉटाची राखण खंडोबानं केली आणि शाबासकी आमच्या तारेला मिळाली. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण अहवालात देवाला कुठल्या रकान्यात बसवणार?

सट जवळ आली तशी गावाची नजर कुंपणावर फिरायला लागली. त्या वर्षी बाजारातल्या वांग्यात अळीच अळी होती. मी दुपारचं जेवण काकांच्या घरी करायचो. पैसे घ्यायला काकू तयार नव्हत्या. हंगामभर मी त्यांच्या भाकरी खाल्ल्या आणि बदल्यात त्यांना वांग्याच्या शरीररचनेची माहिती दिली. सटीच्या आदल्या दिवशी त्या चुलीपुढं बसून बाजारातून आणलेली वांगी चिरत होत्या. एक चिरलं, किडकं. दुसरं चिरलं, किडकं. तिसऱ्यातून अळी बाहेर येऊन काकूंच्या बोटावरच चढली.

"आता देवाला काय अळीचं भरीत दाखवू?" त्या म्हणाल्या. "बाप्पा, तुमची एवढी साजरी वांगी तिथं मातीत घालून राह्यले, आन् माझ्या देवाला हे!"

त्यांनी मागितलं नव्हतं, ही गोष्ट मी अनेक वर्षं नेमकी विसरलो होतो. त्या फक्त म्हणाल्या. देऊ केलं ते मी. "काकू, किती लागतील?" हे मी असं काही विचारलं की जणू सगळा प्लॉट माझ्या वडिलांनी लावला होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. नोकरीत तोवर मला मोठं वाटण्याचा दुसरा प्रसंग आला नव्हता.

संध्याकाळी मी राखणदाराला वाटूरला चुना आणायला पाठवलं. तो सायकलवर टांग टाकून गेल्यावर माझ्याजवळच्या चावीनं फाटक उघडून आत गेलो आणि बीटीच्या ओळींतली निवडक वांगी तोडली. डाग नाही, भोक नाही, देठाजवळ काटा ताजा. एक पिशवी काकूंसाठी, एक माझ्या घरासाठी. आणि मोठ्या साहेबांनी सकाळीच सहज म्हटलं होतं, "आमच्या घरीही सट असते बरं का," म्हणून एक त्यांच्यासाठीही. त्यांनी मागितलं नव्हतं. कोणीच काही मागितलं नव्हतं. असं हे न मागता वाटप चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी, नेमकी सटीलाच, चाचणी बघायला बाहेरून एक शास्त्रज्ञ आले. सरकारच्या समितीवरचे. मोठे साहेब त्यांना जीपमधून घेऊन आले. पाहुण्यांनी प्लॉट बघितला, खड्डा बघितला, राखणदाराशी हिंदीत बोलले. तो म्हणाला, "साब, यहाँ से चिंटी भी बगैर पूछे बाहर नहीं जाती." पाहुणे खूश झाले. मोठे साहेब खूश झाले. मी दुसरीकडं बघत होतो.

मग काका आले आणि म्हणाले की आज सट आहे, पाहुण्यांनी प्रसाद घेतल्याशिवाय जायचं नाही. आमच्याकडं सणाच्या दिवशी दारी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, मग तो तपासणीला आलेला असो की जप्तीला. पाहुणेही मोकळे होते, मराठी त्यांना कळायची. आम्ही ओळीनं पाटांवर बसलो. तळी उचलून झाली होती, भंडारा सगळ्यांच्या कपाळाला लागला होता, निवदाचं एक पान कुत्र्यालाही घालून झालं होतं. काकूंनी भरीत वाढलं. चुलीत भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून कच्चं तेल. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होतो. त्यांना वाटलं मला आणखी हवंय. त्यांनी मला आणखी वाढलं.

पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं. "वा," ते म्हणाले, "अशी बिनकिडीची वांगी या दिवसांत कुठं मिळाली?"

यावर दुसरी कोणतीही बाई बाजारातून आणली म्हणाली असती. पण पाहुण्यांनी वांग्याची स्तुती केली होती, आणि काकूंना वाटलं की ही स्तुती ज्यांची आहे त्यांना मिळाली पाहिजे.

"तुमच्याच प्लाटातली की," त्या अभिमानानं म्हणाल्या. "अळीच न्हाई बघा एकाबी वांग्यात. देवालासुद्धा तीच दाखवली."

पाहुण्यांचा घास हातात राहिला. मोठे साहेब पाण्याच्या तांब्यात बघायला लागले. त्यांच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली पिशवी होती.

"कोणी दिली?" पाहुण्यांनी शांतपणे विचारलं.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी घास चावत होतो. तो घास मी किती वेळ चावला असेन, मला सांगता येणार नाही. मला फक्त गिळायचं होतं आणि 'मी' म्हणायचं होतं.

"राखणदारानं दिली असतील," काका म्हणाले. "दुसऱ्या कोणाजवळ चावी हाय?"

चावी माझ्याजवळ होती, हे त्या ओळीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. काकांनी मला वाचवलं की स्वतःच्या घराला, मला माहीत नाही. मी घास गिळला आणि काही बोललो नाही. काकू आत गेल्या त्या पुन्हा वाढायला आल्या नाहीत.

जेवण झाल्यावर ओसरीवर फार उच्च पातळीची चर्चा झाली. पाहुणे भले होते. पण प्रकार लिहायचा म्हणजे परवानगी नसलेलं वांगं बाहेर गेलं, एवढंच लिहून भागणार नव्हतं. ते कोणी खाल्लं, हेही लिहावं लागणार होतं. आणि खाणाऱ्यांत पहिला नंबर कोणाचा? दोनदा मागून घेणाऱ्याचा. तेव्हा असं ठरलं की चाचणी उत्तम चाललेली आहे, लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही, फक्त राखणदार बदलावा. एवढ्या अवघड प्रश्नातून इतक्या सुज्ञ लोकांनी इतक्या लवकर मार्ग काढलेला मी पुन्हा कधी बघितला नाही. पाहुणे जाताना मधूनमधून पोटावर हात फिरवत होते. त्यांना काही झालं नाही. कुत्र्यालाही काही झालं नाही.

राखणदाराला काढल्याचं मोठ्या साहेबांनीच सांगितलं. मी बाजूला उभा होतो. तो म्हणाला, "साहेब, म्या एक वांगं न्हाई नेलं." मोठे साहेब म्हणाले, "आता विषय वाढवू नको." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बघू काहीतरी."

त्या संध्याकाळी गावात फार आनंद झाला. ओट्या झटकायला लावणारा सापडला! "आमच्या वट्या झाडायचा, आन् सवता पोती भरून राह्यल्ता," बायका म्हणायला लागल्या. सटीच्या भरितासाठी चोरली, असंही लोक म्हणाले. त्याच्या घरात कित्येक वर्षांपासून खंडोबा नव्हता, बुद्धाची मूर्ती होती. सट त्या घरात नव्हती, चातुर्मासही नव्हता. वांगं त्यांना बारा महिने मोकळं होतं. अख्ख्या गावात ज्या वस्तीला त्या दिवशी भरितावाचून काही अडत नव्हतं, त्याच वस्तीतला माणूस भरिताचा चोर ठरला. हा विनोद कोणाच्या लक्षात आला नाही. माझ्या आला होता. मी तो कोणाला सांगितला नाही.

मुलीचा दाखला त्यानं पुन्हा त्याच शाळेत नेऊन दिला.

पुढची माझी प्रगती थोडक्यात सांगतो. चाचण्या पार पडल्या, वांगं दिल्लीपर्यंत गेलं, तिथं मोठा वाद झाला आणि सरकारनं त्याला थांबवून ठेवलं. त्याआधीच मी नोकरी सोडून परतूरला औषधांचं दुकान टाकलं होतं. म्हणजे वांग्यावर फवारणीच लागू नये म्हणून ज्यानं पगार घेतला, तोच आता वांग्यावरची फवारणी विकतो. लोक येतात, पोखरलेलं वांगं काउंटरवर ठेवतात, आणि मी एक बाटली काढून देतो. धंदा बरा चालतो. अळीनं मला कधी उपाशी ठेवलं नाही.

त्या दुकानात एक दिवस तो आला. फवारणीच्या पंपाचं वायसर पाहिजे होतं. केस पांढरे झाले होते. मी ओळखलं नाही असं दाखवायचा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण त्यानंच विचारलं, "वळखलं का साहेब?"

मी चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं. मुलगी नर्सिंगला होती, औरंगाबादला. मी "छान, छान" म्हणालो. मग तो म्हणाला, "तिला तीर्थपुरीहून स्थळ आल्तं. चांगली माणसं. पसंती झाली. मंग गावातल्या कोणीतरी फाट्यावरच सांगितलं त्यांना, बाप चोरीत कंपनीतून काढेल हाय म्हणून. तव्हापासून ते गप हायेत."

माझ्या हातात कप होता. बाहेर रस्त्यावर कापसाचा ट्रॅक्टर अडकून हॉर्न वाजवत होता. मी म्हणालो, "तेव्हाचं ते... तुम्हाला सांगायचं होतं मला. ती वांगी मी..."

"मला माहीत हाये," तो म्हणाला. "चुना आणायला धाडलं तव्हाच कळलं. कोठ्यात दोन गोण्या चुना पडेल होता. म्या भरेल होता."

इतकी वर्षं मी स्वतःची अशी समजूत घातली होती की त्याला काही माहीत नसावं. कोणाचं तरी चुकलं, कोणाचं ते कळलं नाही, अशा समजुतीत तो असेल, आणि म्हणून त्याचा माझ्यावर राग नसेल. तेवढ्यावर मी झोपत होतो.

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

"कोणाजवळ?" त्यानं विचारलं.

मी कप काउंटरवर ठेवला. तो म्हणाला, "येत्या आइतवारी त्यांची माणसं पुन्हा येऊन राह्यली. शेवटचं काय ते बोलायला. तुम्ही या."

"येतो ना. घरी येतो तुमच्या, सगळं सांगतो."

"घरी कशाला? घरच्यांना माहीत हाये. फाट्यावरच्या हाटेलात या. जिथं बोलले तिथंच सांगा."

मी गेलो. वाटेत दोनदा गाडी थांबवून पेट्रोल बघितलं. हॉटेलात दोन बाकडी भरलेली होती. तीर्थपुरीचे दोन पाहुणे, एक वयस्कर आणि एक मास्तर. गावातले चारपाच जण. आणि काका, आता काठी घेऊन. कढईत भजी तळत होती. राखणदारानं पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "हे त्या कंपनीतले साहेब," आणि बाजूला उभा राहिला.

मी सुरू केलं. चाचणीच्या काळात काही प्रक्रियात्मक त्रुटी राहिल्या होत्या, असं म्हणालो. जबाबदारीची निश्चिती करताना संबंधितांकडून काही गैरसमज झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही म्हणालो. माझं भाषण चांगलं चाललं होतं. मास्तर मान डोलावत होते.

"साहेब," राखणदार म्हणाला, "मराठीत सांगा."

कोणीतरी फिसकन हसलं. "वांगी मी तोडली," मी म्हणालो. "फाटकाची चावी माझ्याजवळ होती. काकूंना मी दिली. माझ्या घरी मी नेली. साहेबांना मी दिली. यांनी एक वांगं नेलं नाही. यांना मी चुना आणायला पाठवलं होतं. नाव यांच्यावर आलं तेव्हा मी तिथंच बसलो होतो आणि काही बोललो नाही."

मग काका म्हणाले, "जाऊ द्या ना साहेब. जुनं कशाला उकरून राह्यले? त्या दिवशी सगळ्यांनीच खाल्लं व्हतं."

"काका," राखणदार म्हणाला, "म्या न्हाई खाल्लं."

काका काठीच्या टोकाकडं बघत राहिले. कढईशी बसलेल्या हॉटेलवाल्यानं झारा बाजूला ठेवून शेजारच्याला विचारलं, "काय म्हणले? कोणी तोडली?"

शेजारचा काही सांगणार तेवढ्यात राखणदारानं त्याला हातानं थांबवलं. माझ्याकडं वळून म्हणाला, "भज्याच्या आवाजात मागं ऐकू न्हाई गेलं. पुन्हा एकदा म्हणा, साहेब. मोठ्यानं."

पहिल्यांदा म्हणताना निदान घाई मदतीला होती. दुसऱ्यांदा ती नव्हती. हॉटेलवाल्यानं कढईखालचा स्टोव्ह बारीक केला. मी उभा राहिलो आणि तीच वाक्यं पहिल्यापासून, त्याच क्रमानं, रस्त्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांनाही ऐकू जातील अशा आवाजात म्हणालो.

वयस्कर पाहुण्यांनी चहाची बशी खाली ठेवली. राखणदाराला म्हणाले, "पोरगी घरी हाय का औरंगाबादला?"

"घरीच हाय. कालच आली."

"चला मंग."

ते तिघं वस्तीच्या रस्त्यानं निघाले. राखणदारानं जाता जाता माझ्या चहाचे पैसे हॉटेलवाल्याच्या हातावर ठेवले. मला 'चला' म्हणाला नाही. बरोबर केलं.